भिंतीवरचा भाऊ

मी एक जुना, चपटा ब्रश आहे. केस निम्मे गळलेत, दांड्याला तडा गेलाय, पण तोरा काही गेलेला नाही. मित्रांनो, मला तुमच्या चित्रकलेच्या पेटीत शोधू नका. मी पाट्या रंगवणाऱ्याच्या हातातला. दुकानांची नावं, दवाखान्याचे बाण, शाळेचं फाटक, सगळं मीच रंगवलं. लोक मान वर करून वाचायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मालक गेल्यावर त्यांच्या लेकीने, म्हणजे आमच्या ताईने, मला परदेशी नेलं. तिथे ती नावाजलेली चित्रकार झाली आणि मी काचेच्या बरणीत शोभेला! बारा वर्षं रंगाचा थेंब नाही. फार वाईट वाटायचं.

मग इकडे मायदेशात लढाई पेटली. एका सकाळी सैनिकांनी ताईच्या धाकट्या भावाला बसमधून उतरवून नेलं. कुठे, ते कोणी सांगेना. ताईने बॅग भरली आणि जाता जाता मलाही उचललं.

इथे पोचल्यावर आईबरोबर ती रोज सैन्याच्या कचेरीत जाई. "असा कोणी आमच्याकडे नाही," एवढंच उत्तर मिळे. पाचव्या दिवशी तिने रॉकेलात बुडवून माझे ताठरलेले केस मऊ केले आणि कचेरीसमोरच्या भिंतीवर भावाचा चेहरा रंगवला.

आई बघतच राहिली. "अगं, हा कोण?"

"आपला छोटू ना!"

"हा तू गेलीस तेव्हाचा. आता याला कोण ओळखणार? केस मागे गेलेत त्याचे. चष्मा लागलाय. हनुवटीवर टाके पडलेत, जिन्यात पडला होता."

"मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस कधी?"

ताईला रडू फुटलं. रडत रडतच तिने भिंतीवरचा चेहरा पुसला. आई सांगत गेली, आम्ही रंगवत गेलो.

दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना फासलेला! आम्ही पुन्हा रंगवलं. पुन्हा चुना. अटकेची धमकीही आली. पण तिसऱ्या वेळी बायका आल्या. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा नाहीसा झालेला. ताई प्रत्येकीला आधी विचारी, "शेवटचं पाहिलंत तेव्हा कसा दिसत होता?" भिंत भरत गेली. परतीच्या तिकिटाची तारीख उलटली, तिने विषयसुद्धा काढला नाही.

एके दिवशी तुरुंगातून सुटलेले एक शिक्षक तिथे थबकले. "हे टाके... हा माझ्याच कोठडीत होता. जिवंत आहे हो!"

आई त्यांना तशीच कचेरीत घेऊन गेली.

आता कचेरीला "नाही" म्हणता येईना. दहा मिनिटांची भेट मिळाली. ताई म्हणे त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिथून ती थेट भिंतीपाशी आली. तिने भावाचे गाल आत नेले, चष्मा पुसून टाकला, डाव्या डोळ्याखाली काळानिळा डाग भरला. मी इतकी वर्षं नावं रंगवली, पण असं काम कधी केलं नव्हतं.

मित्रांनो, काम झालं की ब्रश धुवून ठेवा, वाळलेला रंग आम्हाला मारतो. आणि घरातल्या माणसांकडे रोज नीट बघा. छोटू अजून सुटलेला नाही. त्या भिंतीवर पुन्हा चुना फासायला मात्र कोणी आलेलं नाही. सात बायका तिथे पाळीपाळीने उभ्या असतात.