आठ वाजताचा फोन

रोज सकाळी आठ वाजता मला पोलिसांचा फोन यायचा, आणि ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. पोलीस म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे एक तर चोर उभा राहतो, नाहीतर अपघात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. चार बेडरूमचं घर होतं आणि त्यात मी एकटी होते.

घर माझ्या नवऱ्याने, प्रल्हादने घेतलं होतं, कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. तेव्हा इथे जर्दाळूच्या बागा होत्या आणि लोक आम्हाला वेड्यात काढत होते. प्रल्हाद गेल्यावर शंतनूने, माझ्या मुलाने, वर्षभर मला टेक्सासला बोलावलं. प्लेनोत त्याचं मोठं घर आहे, सून रुचा गुणी आहे, नातू देवांग आहे. मी जाऊनही आले. तिथे सकाळी तिघं दोन गाड्यांमधून जातात आणि संध्याकाळी दमून येतात. परक्या घरात एकटं बसण्यापेक्षा आपल्या घरात बसलेलं बरं, म्हणून मी परत आले. शंतनू रविवारी फोन करायचा. बाकीचे सहा दिवस माझे मी काढायचे.

पोलीस खात्याची ती सोय मला लायब्ररीत कळली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी नाव द्यायचं. रोज ठरल्या वेळी फोन येतो, 'ठीक आहात ना' म्हणून विचारतात. दोनदा वाजूनही उचलला नाही, तर गाडी दारात हजर. फोन करणारी बाई डोरीन. तिला 'आठल्ये' काही केल्या म्हणता येईना, म्हणून मी 'मिसेस ए' झाले. दोन मिनिटांचं बोलणं. आज काय शिपाईगिरी चाललीय, मी विचारायची. आज काय शिजतंय, ती विचारायची. थालीपीठ म्हणजे काय हे तिला समजावण्यात आमचे तीन दिवस गेले.

एकदा मी न्हात होते आणि फोन राहिला. केस पुसत बाहेर येते तो दारात ट्रॅन नावाचा तरुण पोलीस उभा. त्याच्या कपाळावर घाम होता. मला बघून त्याने असा काही सुटकेचा श्वास टाकला की मलाच भरून आलं. मी त्याला आल्याचा चहा दिला. पोराने बूट बाहेर काढून चहा घेतला.

आता थापेबद्दल. ती मी मारली नाही, ती आपोआप झाली. सकाळी मी आणि विनीता चालायला जातो. विनीता आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात वाटेत फोन वाजला. ती म्हणाली, "शंतनू का, काकू?" मी मान हलवली. झालं. इथे वाढलेली मुलं आईशी इंग्रजीतच बोलतात, त्यामुळे मी "येस, आय ॲम ओके" म्हटलं तरी तिला काही वावगं वाटलं नाही. पुढे ती सगळ्या महाराष्ट्र मंडळात सांगत सुटली, की मुलगा असावा तर नीलांबरीकाकूंच्या शंतनूसारखा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कशाला उघडू?

आमच्या गावाची एक तऱ्हा आहे. आजूबाजूच्या गावांत पोलीस चीफ वरून नेमतात, आमच्याकडे तो लोकांनी निवडून द्यायचा. दर चार वर्षांनी हिरवळींवर नावाच्या पाट्या लागतात. प्रल्हादला याची भारी गंमत वाटायची. आमच्या लहानपणी फौजदाराला मत द्यायचं सोडा, त्याच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती. इथे फौजदार तुमच्या दारात येऊन हात जोडतो.

या वेळी चीफ ऑर्टेगा बाई पुन्हा उभ्या होत्या. फोनची सोय त्यांचीच. समोर मॅटसन नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी उभा होता. आणि आमच्या लोकांचा राग ऑर्टेगाबाईंवर होता, कारण दसऱ्याच्या सुमाराला गावात भारतीयांची घरं फुटली होती. सोनं कुणाच्या घरात असतं हे चोरांना पक्कं ठाऊक. विनीताच्या सासूबाईंच्या, शुभाताईंच्या पाटल्या गेल्या, मोहनमाळ गेली. पोलीस आले, फोटो काढले, कागद दिला आणि गेले. शुभाताई त्यानंतर आठवडाभर जेवल्या नाहीत. विनीताचा संताप खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, मंडळाचा अध्यक्ष म्हणून मॅटसनला घरी बोलावलं. दुपारची वेळ होती, तीसेक माणसं, बटाटेवडे आणि चहा. मॅटसनने "नमास्टे" म्हणून हात जोडले, तिखट लागलं तरी वडा संपवला आणि मुद्द्यावर आला.

"मी निवडून आलो तर दोन गाड्या रात्रंदिवस तुमच्या गल्ल्यांमधून फिरतील," तो म्हणाला.

शैलेंद्रने विचारलं, "माणसं कुठून आणणार?"

"आहेत की. सध्याच्या चीफनी एक माणूस सकाळभर फोनवर बसवलाय. म्हाताऱ्या लोकांना गुड मॉर्निंग म्हणायला! कुणी आंघोळीत असलं की गाडी पळते. पोलिसांचं काम चोर पकडणं आहे. या लोकांना मुलंबाळं आहेत, ती करतील फोन. पहिल्या दिवशी मी ते बंद करतो."

टाळ्या पडल्या. मी हातातली बशी मांडीवर ठेवली.

"करेक्ट!" विनीता उठून उभी राहिली. "आणि आमच्यात तर तो प्रॉब्लेमच नाही. इन अवर कल्चर, मुलं पेरेंट्सना विसरत नाहीत. या नीलांबरीकाकू बघा. यांचा मुलगा टेक्सासहून एव्हरी सिंगल डे फोन करतो. आठ म्हणजे आठ. आय ॲम द विटनेस!"

सगळी खोली माझ्याकडे वळून हसली. मॅटसनने मला अंगठा दाखवला. मी नुसतं हसून मान हलवायची होती. इतके दिवस तेच तर करत होते. पण मान हलवली की डोरीन गेली. आणि हलवली नाही की शंतनू गेला, म्हणजे त्याचं नाव गेलं. मला दोन्ही हवं होतं. मला भयंकर राग आला, मॅटसनचा नाही, विनीताचाही नाही, त्या वड्यांच्या वासाने भरलेल्या खोलीचा, जिथे इतकी माणसं होती आणि एकालाही माझी सकाळ ठाऊक नव्हती.

"तो शंतनू नसतो," मी इंग्रजीत म्हणाले. "ते पोलीस असतात."

विनीता हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

"खरं सांगतेय गं. माझा मुलगा रविवारी फोन करतो. रोज करते ती डोरीन. तिचा फोन झाला की दुसऱ्या दिवशी आठपर्यंत कितीदा तरी मी कुणाशी बोललेली नसते. मी रात्री मेले तर सकाळी कुणाला तरी कळेल, एवढीच माझी सोय आहे. मिस्टर मॅटसन, पाटल्या गेल्याचं वाईट वाटतं मला. पण फोन बंद करू नका."

शैलेंद्र उगाच चहाच्या थर्मासचं झाकण फिरवत राहिला. मॅटसन म्हणाला की या प्रश्नाचा तो विचार करील, म्हणजे करणार नव्हता. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून शुभाताईंचा आवाज आला. मुलगा, सून, दोन नाती यांच्यात राहणाऱ्या शुभाताई.

"नीलांबरी, त्या फोनला नाव कुठे द्यायचं असतं गं?"

विनीताने सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी पर्स उचलली आणि घरी आले.

ऑर्टेगाबाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. माझ्यामुळे आल्या असं मी म्हणत नाही. फोनची सोय राहिली, एवढं खरं. मंडळातल्या बऱ्याच जणींनी गुपचूप नावं दिली, असं डोरीन सांगत होती. तिने नावं सांगितली नाहीत आणि मीही विचारली नाहीत.

पण तोवर बातमी प्लेनोला पोचली होती. मंडळात रुचाची मावशी आहे. शंतनूचा फोन आला, बुधवारी.

"आई, तू सगळ्यांसमोर असं बोललीस? डू यू नो हाउ दॅट मेक्स मी लुक?"

"मी तुला नावं नाही ठेवली रे."

"ठेवायला काय राहिलं? रुचाच्या घरचे सगळे विचारतायत. तुला लोनली वाटत होतं तर मला सांगायचं ना! पोलिसांना काय सांगतेस?"

त्याचं चुकलं नव्हतं. मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. रविवारी तो विचारायचा "कशी आहेस?" आणि मी म्हणायची "मस्त." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"उद्यापासून मी रोज फोन करणार," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता. "प्रॉमिस. त्या पोलिसांचं कॅन्सल कर. प्लीज, आई. यू हॅव अ सन."

दुसऱ्या दिवशी आठला डोरीनचा फोन आला. तिचा आवाज नुसता फुलला होता. "मिसेस ए! तुमच्या मुलाने ऑफिसला फोन केला होता. आता तोच रोज फोन करणार म्हणे! किती छान! पण नाव तुमचं आहे, तेव्हा विचारायला मला तुम्हालाच हवं. काढायचं का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? नको काढूस, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण डोरीनने ते नोंदवलं असतं आणि शंतनूने पुन्हा विचारलं असतं. एकदा मी त्याला चारचौघांत उघडं पाडलं होतं. दुसऱ्यांदा ते पोलीस कचेरीत करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

"काढ," मी म्हणाले.

"आय ॲम सो हॅपी फॉर यू," डोरीन म्हणाली. तिला खरोखरच आनंद झाला होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले.

शंतनूने शब्द पाळला. तो देवांगला शाळेत सोडून ऑफिसकडे निघाला की फोन करतो. त्याचे आठ म्हणजे माझे सहा, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि मी आणून दिलं नाही. मी पावणेसहाचा गजर लावते, गरम पाणी पिऊन आवाज मोकळा करते. गाडीचा घरघराट ऐकू येतो. "आई, ओके ना?" "ओके." "काय चाललंय?" मी सांगायला लागते, तेवढ्यात त्याचा दुसरा कॉल येतो. "बोलू नंतर." नंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी. त्याने फोनवर रिमाइंडर लावलाय, त्याचा टिंग मला इकडे ऐकू येतो. डोरीन काय शिजतंय ते विचारायची. शंतनूला मी काय शिजवते ते माहीत आहे, म्हणून तो विचारत नाही.

विनीता आताशा चालताना फोनचा विषय काढत नाही. मीही काढत नाही. आम्ही हवेबद्दल बोलतो.

गेल्या मंगळवारी विनीताला लवकर ऑफिस होतं, आमचं चालणं नव्हतं. त्या दिवशी मी फोन उचलला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. बघू तरी, असं मनात आलं. सहाला वाजला. मी समोर बसून राहिले. थांबला. पुन्हा वाजेल असं वाटलं, तो वाजला नाही. मी उठून आंघोळ केली, बरी साडी नेसले, पुढचं दार उघडं ठेवलं आणि आलं ठेचून दोन कप चहा टाकला. वेडेपणा होता हे मला कळत होतं. सातच्या सुमाराला मेसेज आला: 'स्लीपिंग? गुड. रेस्ट कर. टॉक टुमॉरो.' खाली एक लाल बदाम.

मी तरी तशीच बसले. चहावर साय धरली.

आठ वाजून गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वळली. काय सांगू, मी ताडकन उठले! शंतनूने कळवलं असेल. मेसेज केला तरी मनातून घाबरला असेल, शेवटी माझाच मुलगा. मी पदर सारखा करून दारात उभी राहिले.

गाडी तीन घरं आधीच थांबली, विनीताच्या दारात. ट्रॅन उतरला, धावतच पायऱ्या चढला, बेल दाबली. दार उघडलं. ओले केस, अंगावर गाउन, शुभाताई. इतक्या लांबूनही मला दिसलं, की त्या हसत होत्या आणि त्याला आत बोलावत होत्या. विनीता आणि शैलेंद्रच्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या.

आत जाता जाता ट्रॅनला मी दिसले. उघड्या दारात, ठेवणीतल्या साडीत. तो थांबला.

"मिसेस ए! एव्हरीथिंग ओके?" त्याने तिथूनच ओरडून विचारलं.

हाताला दाराची कडी लागत होती.

"ओके, ओके!" मीही ओरडून सांगितलं. "माझा मुलगा फोन करतो. रोज!"

त्याने अंगठा वर केला, बूट काढले आणि शुभाताईंकडे चहाला गेला.