द्वादशीचं पाणी

"मामा, फोनवर भरती साडेअकराची दाखवतंय," अदिती म्हणाली.

महादू तरेने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "तो फोन ऱ्हाऊं द्या. आज द्वादशी हाय. बाराचं पावनपट नव, नि खारीत शिरायला वर येक तास. धा वाजतां पानी भरला. आता पावनेअकरा झाले, म्हंजे उतराय लागला."

तिथीची पाऊणपट केली की समुद्राच्या भरतीची वेळ निघते, खाडीत ती तासभर उशिरा, हे गणित महादूच्या बापाने त्याला शिकवलं होतं. दापोड्याच्या गोडाउनवर वॉचमनची ड्युटी करतानाही ते तो विसरला नव्हता. दर हिवाळ्यात रविवारी ठाण्याच्या लोकांना डोंगरातल्या जंगलातून खाली खाडीवर आणायचं आणि बांधावरून पलीकडच्या रस्त्याला लावायचं, हे त्याचं तीन वर्षांचं काम. यंदा सहली काढणाऱ्या कंपनीच्या ऑफिसने विचारलं होतं, की नकाशा फोनवर असताना हा माणूस कशाला? कंपनीतर्फे सोबत येणारी अदिती त्याच्यासाठी भांडली होती. त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच सकाळपासून तो जरा जास्तच तोऱ्यात होता.

तोऱ्यात होता, पण स्वस्थ नव्हता. जंगलातही त्याने झाडांची नावं उलटसुलट सांगितली. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. आता बांधावर पाय टाकताना बगळे चिखलात दिसेनात. सगळे तिवरांच्या झाडांच्या शेंड्यांवर बसलेले. पाणी उतरत असतं तर ते एव्हाना खाली आले असते. महादूने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"चला," तो म्हणाला. अदितीने फोन खिशात टाकला. तिने तो त्याच्या शब्दावर टाकला, हे त्याला नंतर फार लागलं.

बांध अर्ध्या किलोमीटरचा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. माणसं आठ. मध्यावर आल्यावर सुचेताबाई थांबल्या. निवृत्त शिक्षिका, गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या. "अहो, हे पान बघा. आत चाललंय."

तिवराचं पिवळं पान पाण्यावरून गावाच्या दिशेने जात होतं. समुद्राकडे नाही. महादू मागे वळून बघतो तर ज्या सखल जागेवरून आत्ताच आले तिथे पाणी बांधावर चढलेलं. पुढेही तेच. हे द्वादशीचं पाणी नव्हतंच. हे उधाण होतं.

"उघाडीवर चला! मागं बघू नका, पाय घासत टाका!" तो ओरडला. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची दगडी मोरी. तिचा कट्टा बांधाहून कमरेएवढा उंच. तिथवर पोचेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. सुचेताबाईंना त्याने पाठीवर घेतलं. त्या "अहो नको, अहो नको" म्हणत राहिल्या आणि गळा मात्र घट्ट धरून बसल्या.

आठही जण कट्ट्यावर चढले. महादूने त्यांना दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

त्याने सुनेला फोन लावला. "विनिता, काल डब्यात साबुदान्याची खिचडी कशापाय दिलतीस?"

"शनिप्रदोष व्हता ना, आबा. माझा उपास. दुसरा कायच केला नव्हता."

"एकादशी न्हवती?"

"एकादशी बेस्तरवारी झाली. ती आई धरायच्या. मी न्हाय धरीत."

गुरुवारी आपण डब्यातली सुकट चाटूनपुसून खाल्ली, हे त्याला आठवलं. घरात कॅलेंडर होतं, पण त्याला ते कधी बघावंच लागलं नव्हतं. त्याची बायको जानकी एकादशी धरायची. त्या दिवशी घरात खिचडी, आणि त्यालाही दुसरं काही मिळायचं नाही. तिथून तो बोटांवर मोजायचा. कालची खिचडी बघूनच त्याने आज द्वादशी मोजली होती. आषाढात जानकी गेली. हा हंगाम तिच्याशिवायचा पहिलाच.

"मामा, आज काय आहे मग?" अदितीने विचारलं.

"चतुर्दशी," महादू म्हणाला. "तुमचा फोन बरोबर हाय. मी चुकलो. माझी बायको उपास करायची, त्यावर माझी तिथी व्हती. आता ती न्हाय." सुचेताबाईंनी डब्यातला लाडू त्याच्यापुढे धरला. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने तो पटकन तोंडात टाकला.

साडेअकराला पाण्यावरचं एक पान जागच्या जागी फिरलं; भरती पूर्ण झाली होती. एक वाजता बांध उघडा पडला. रस्त्याला लागल्यावर अदिती हळूच म्हणाली, "ऑफिसमध्ये मी काही बोलणार नाही, मामा."

"सांगा," तो म्हणाला. "माझा नाव घेऊन सांगा. नि पुढल्या खेपंला कोनीबी येवो, बगळे खाली उतरल्याबिगर बांधावर पाय टाकू नका. ते मी बघितलं व्हतं."

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने चिखलाचे पाय धुतले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. अक्षरं बारीक होती.

"विनिता, पुढची एकादशी कवां हाय?"

तिने बोट ठेवून दाखवली. "का, आबा? कुठं जायाचा हाय?"

"कुठं न्हाय. त्या दिशी माझा डबा भरू नको," महादू म्हणाला. "उपास हाय माझा."