घासलेली खूण

मुरुम गावच्या मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजाराला लागून, महांतप्पा मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस असा खवट, की गिऱ्हाईकाला आधी शिवी आणि मग पाना. पण मिलिटरीतली जुनी जीप उघडावी तर त्यानंच, असं आसपासची सगळी गावं म्हणायची. त्या नावावर त्याची ऐट होती आणि पोटही. बासष्ट सालच्या उन्हाळ्यात ते नाव जायची वेळ आली.

जीप नारायणरावांची. सडकेची कामं घेणारा माणूस, लढाईतली गाडी लिलावात घेतलेली. तिचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, झिजला होता आणि त्याला फिरवणारी टायमिंगची साखळी ढिली पडून खडखडत होती. सोलापूरहून नवा कॅमशाफ्ट, नवी साखळी आणि वरचं मोठं दातेरी चाक आलं. खालचं लहान चाक काही मिळालं नाही, म्हणून जुनंच ठेवलं. महांतप्पानं व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट सुतळीनं वर बांधले, जुना कॅमशाफ्ट ओढून काढला, नवा सरकवला. आता दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणायच्या आणि साखळी चढवायची, एवढंच राहिलं.

आणि इथंच तर घोडं पेंड खात होतं! लहान चाकावरची खूण कंपनीची नव्हतीच. कंपनीची खूण अकरा वर्षांमागं खुद्द महांतप्पानं कानशीनं घासून टाकली होती आणि भलत्याच दातावर पंच मारून दुसरी उठवली होती. हाताखालून गेलेल्या एकूण एक गाडीला त्यानं हेच केलेलं. दुसऱ्या कुणी उघडली तर गाडी चालूच होऊ नये, मालक झक मारत आपल्याकडंच यावा! खरा दात कुठला ते फक्त त्याच्या डोक्यात. त्याच डोक्यानं आता दगा दिला. दोन दात डावीकडं, का तीन उजवीकडं? आठवेना मेलं. मिलिटरीत नोकरीला असताना त्याला खुणेला खूण लावायला शिकवलं होतं, खुणेवाचून बसवायला नाही.

तीन दिवसांत त्यानं साखळी चार वेळा चढवली नि उतरवली. हँडल मारलं की कार्बोरेटरातून फाट्कन आवाज व्हायचा आणि इंजिन गप्प.

समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं गॅरेज टाकलेला सिद्धलिंग हे सगळं बघत होता. एकेकाळी तो महांतप्पाचा चेला. सात वर्षांमागं वस्तादाला कानस चालवताना त्यानं बघितलं आणि विचारलं, "खूण का घासताय?" उत्तराला पाना आला, थेट कपाळावर. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तो बघतोय म्हटल्यावर महांतप्पाच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

चौथ्या दिवशी सकाळी नारायणराव आले. मागं हॉटेलातली चार माणसं तमाशा बघायला होतीच.

"मिस्त्री, गाडी कुठाय?"

"साखळीच खोटी निघाली. सोलापूरवाल्यानं फसवलं."

"साखळी चांगली हाय," रस्त्यापलीकडून सिद्धलिंग बोलला. तो उठून आला आणि जीपला टेकून उभा राहिला. "म्या बसवतो. पर आधी खालच्या चाकाची खूण कुणी घासली, ते वस्तादांनी आपल्या तोंडानं सांगावं."

"नीघ इथनं, हरामखोर!"

"निघतो की. मालक, बैल लावून जीप माझ्याकडं आणा. तिथं चाक काढून समद्यांला दावतो."

नारायणरावांनी महांतप्पाकडं बघितलं. "काय म्हणतोय हा?"

एवढा संताप महांतप्पाला जन्मात आला नव्हता, आणि एवढी भीतीही. खोटं बोलून सुटका नव्हती. चाक बाहेर आलं की कानशीचे ओरखडे सगळ्यांना दिसणार होते.

"म्या घासली," तो म्हणाला.

सिद्धलिंगनं पाना घेतला आणि कामाला लागला. त्यानं खुणेकडं बघितलंसुद्धा नाही. पहिला पिस्टन वर आणला, बाजूचं झाकण काढून, कॅमशाफ्ट हातानं फिरवत त्याचे व्हॉल्व्ह निरखले. एक मिटत होता, दुसरा उघडायला लागणार होता. नेमकं तिथं धरून त्यानं साखळी चढवली. वस्तादानं सांगितलं नाही म्हणून बिचारा स्वतःच शिकला होता.

तोवर बातमी मोंढ्यात पोचली. गाड्यांचे मालक हातातली कामं टाकून यायला लागले. नारायणरावांनीच सुरुवात केली.

"माझ्या दुसऱ्या जीपचीबी घासलीय?"

"व्हय."

"आन माझ्या मोटारीची?" हणमंतप्पानं विचारलं.

"व्हय."

माणिकप्पा गर्दीतून ढकलत पुढं आला. लेकीच्या लग्नात त्याची गाडी वऱ्हाडासकट रानात बंद पडली होती. दुसऱ्या मिस्त्रीनं खुणा जुळवून साखळी बसवली तरी गाडी हलली नव्हती, आणि वऱ्हाड दुपारच्या उन्हात दोन कोस चालत गेलं होतं. तो महांतप्पाच्या छातीला छाती लावून उभा राहिला.

"आन माझी?"

तेवढ्यात सिद्धलिंगनं हँडल मारलं. एकाच झटक्यात इंजिन धडधडायला लागलं. महांतप्पाचे ओठ हलले, पण कुणाला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं!" माणिकप्पा ओरडला.

"व्हय!" महांतप्पा सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असा ओरडला. "तुझीबी घासली!"