तारेपलीकडचं ‘हं’

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जुने पडदे ठेवायच्या खोलीत, तिने आपले रेकॉर्डिंगचे बस्तान मांडले होते. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या, घड्याळातला सेल काढून ठेवला होता, आणि शेजारच्या खोलीतला फ्रिज घुरघुरतो म्हणून काम सुरू करण्याआधी ती तो बंद करी. परत चालू करायला विसरू नये म्हणून घराच्या किल्ल्या त्यातच ठेवून देई. रोज संध्याकाळी गारेगार किल्ल्या पर्समध्ये टाकून ती घरी जायची.

युद्धावरून परतलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या, असे हे काम. नियम एकच, पण कडक: विचारणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येता कामा नये. प्रश्न विचारायचा आणि तोंडाला कुलूप लावायचे. ‘अरेरे’ नाही, ‘हो का’ नाही, नुसती मान डोलवायची. विभागाच्या मोठ्या बाईंनी घालून दिलेला हा नियम तिला मनापासून पटला होता. मान डोलवण्यात तिचा हातखंडा होता. फौजेतला आचारी तिच्या मानेकडे बघत पोटभर बोलला होता. ट्रकचालक तर बोलता बोलता रडला आणि मग स्वतःचा स्वतःच हसला होता.

शेवटी राहिले ते टेलिफोनवाले आजोबा. लढाईत खंदकात बसून, फोनच्या पेटीवरून इकडचे निरोप तिकडे पोहोचवणे हे त्यांचे काम. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती आणि तीही स्वतःची नव्हे, मुंगसाची. मुंगूस म्हणजे त्यांच्या तुकडीतला तारा जोडणारा. बुटका, चपळ, झुडपात शिरला की दिसेनासा होणारा. वर्षापूर्वी तो पिकल्या वयात शांतपणे गेला. युद्धाबद्दल त्याने घरी कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवसाचे आता आजोबाच तेवढे साक्षीदार उरले होते. या आठवणी ऐकवणारे दालन शनिवारी उघडायचे होते. मुंगसाची मुलगी यायची होती आणि तिला आजोबांनी शब्द दिला होता. तिला घरी जाऊन सांगून टाकायला काय हरकत आहे, असे आजींनी सुचवून पाहिले होते. पण ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या कानावर पडली पाहिजे, असा आजोबांचा हट्ट होता.

आजी बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसल्या. आत आजोबा खुर्चीत ताठ झाले. लाल दिवा लागला.

“पुलाकडची तार तुटली तेव्हा दुपार होती,” आजोबा म्हणाले आणि थांबले.

तिने मान डोलवली.

“पुलाकडची तार तुटली तेव्हा दुपार होती,” ते जरा मोठ्याने म्हणाले.

तिने आणखी उत्साहाने डोलवली. मग आजोबांनी तेच वाक्य एकेक शब्द सुटा करून म्हटले, आणि त्यानंतर इतक्या जोरात की भिंतीची एक गादी घसरून खाली बसली. तिने पाणी दिले, दिवा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तार तुटली, पुन्हा दुपार झाली. गोष्ट काही तिथून पुढे सरकेना.

आता मुंगसाच्या मुलीला काय सांगायचे? ती बाहेर आली आणि आजींच्या शेजारी बसून, शब्द जपून वापरत म्हणाली, की आजोबांना बहुतेक पुढचे आठवत नाहीये.

आजींनी सुया थांबवल्याही नाहीत. “त्यांना? अगं, गेल्या वेळी दिवाणखान्याच्या रंगावरून झालेलं भांडण शब्दन्‌शब्द पाठ आहे त्यांना. तू हं म्हणतेस का मधूनमधून?”

तिने नियम सांगितला. आजींनी तिच्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

“त्यांना हं लागतं, बाळ. फोनवर बसून बसून लागलेली खोड आहे. पलीकडून हं आलं नाही की यांच्या लेखी तार तुटली. मग तोच निरोप पुन्हा, आणखी मोठ्यानं. लग्नानंतर मी पहिल्यांदा रुसून गप्प बसले ना, तेव्हा आमच्याकडे मीठ संपलंय हे अख्ख्या गल्लीला कळलं.”

ती ओशाळली. भिंतीपलीकडचा फ्रिज ऐकू येणाऱ्या तिच्या कानांना एवढे ऐकू आले नव्हते. आत जाऊन तिने स्वतः हं म्हणून पाहिले, पण सवय मोडलेली. तिचे हं वाक्य संपायच्या आतच निसटायचे. वाक्य ऐकण्याआधीच कळलं म्हणणारी माणसं फौजेत फार घातक असतात, असे आजोबांनी तिला सुनावले. शेवटी तिने दुसरी खुर्ची आणली, दुसरा माइक लावला आणि आजींना विणकामासकट आत बसवले. सुया तेवढ्या काढून घेतल्या.

“पुलाकडची तार तुटली तेव्हा दुपार होती.”

“हं,” आजी म्हणाल्या.

आणि गोष्ट चालू लागली. आपल्या फौजेने पूल उडवायचे ठरवले होते, पण जखमींच्या गाड्या अजून पलीकडेच होत्या. ‘थांबा’ हा निरोप पोहोचायला हवा होता. मुंगूस तार मुठीत सरकवत, तुटलेली जागा शोधत निघाला. वाटेत ओढा लागला, गळ्यापर्यंत पाणी.

“मागच्या खेपेला गुडघ्यापर्यंत होतं,” आजी म्हणाल्या.

“मुंगूस बुटका होता.”

“हं. मग?”

दोन्ही टोके सापडली, पण मधली तार गोळ्याने उडालेली आणि जवळची संपलेली. शेजारी एक ओस पडलेले घर होते. अंगणात कपडे वाळत घालायची तार होती. मुंगसाने तीच सोडवली आणि जोडली. स्वतः चिंब भिजला होता, म्हणून त्या तारेवरचा एक शर्टही अंगात चढवला. लाल पट्ट्यांचा, त्याच्यासारखे दोघे मावतील एवढा.

“मी आपला पेटीचा दांडा फिरवत ओरडतोय, पूल उडवू नका. पलीकडे सामसूम. पुन्हा ओरडलो. पुन्हा. आणि मग तिकडून हं आलं. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.”

“आणि मी लग्नाला हो म्हटलं, ते?”

“ते दुसऱ्या नंबरावर.”

मोठ्या बाईंनी रेकॉर्डिंग ऐकले आणि आजींचा आवाज कापून टाकायला सांगितले. तिने याआधी बाईंना कधी उलट उत्तर दिले नव्हते. पण आजी विचारणाऱ्या नाहीत, ऐकणाऱ्या आहेत, आणि नियम विचारणाऱ्यांसाठी आहे, असे ती म्हणाली. बाईंनी शर्टाचा भाग पुन्हा लावायला सांगितला आणि पाटीवर आजोबा-आजी दोघांची नावे घालायला.

शनिवारी मुंगसाची मुलगी हेडफोन लावून दालनात बसली. बापासारखीच बुटकी; पाय जमिनीपासून अधांतरी. चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसेना. आजोबा समोर उभे राहून काठी या हातातून त्या हातात घेत होते.

“ही काही बोलत का नाही?” त्यांनी आजींना विचारले.

“ऐकतेय. दम धरा.”

आजोबांनी दम धरला, पण ओठ हलू लागले होते. आता हे सगळ्या दालनाला ऐकवणार, या भीतीने रेकॉर्डिंग करणारी ती पुढे झाली. तेवढ्यात मुंगसाच्या मुलीने एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला.

“काका, तो शर्ट आमच्या घरी होता,” ती म्हणाली. “दर वर्षी घर रंगवताना बाबा तोच घालायचे. मापाचा नाहीये, टाकून द्या म्हटलं की मोठ्यानं हसायचे. का ते कधी सांगितलं नाही.”

आजोबांनी काठी टेकली आणि खाली बसायला खुर्ची शोधली.

“पोहोचलं,” ते आजींना म्हणाले.

“हं,” आजी म्हणाल्या.