डब्याच्या तळातला नंबर

"नंबर एकोणऐंशी सालचा आणि मान त्र्याऐंशीची. कुणीतरी जोडतोड केलीय. नकली आहे ही," दुकानदार भिंग खाली ठेवत म्हणाला.

नातीचा चेहरा पडला. ही जुनी इलेक्ट्रिक गिटार तिने सकाळीच घेतली होती. पटली नाही तर संध्याकाळपर्यंत परत आणा, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. म्हणून या जाणकाराकडे आलो. त्याने स्क्रू काढून मान आणि धड वेगळं केलं, मानेच्या टोकावरची पेन्सिलीची तारीख वाचली आणि निकाल दिला. मी नुसती सोबतीला आले होते. पण नकली म्हटल्यावर माझं टाळकं सरकलं.

"नंबर वाचा बघू."

"आजी, तुम्हाला त्यातलं..."

"वाचा तर. कान शाबूत आहेत माझे."

त्याने वाचला. पहिलं अक्षर कारखान्याचं, पुढचे दोन आकडे सालाचे. अक्षर आमच्याच कारखान्याचं निघालं.

"तिथे एकोणीस वर्षं माना बसवल्यात मी. मागून नंबराची पट्टी, चार स्क्रू. तुम्ही तेव्हा रांगत होता."

"आजी! तू तर म्हणायचीस, लाकूडकाम करायचे!" नात म्हणाली.

"मग हे काय लोखंड आहे? गिटारचं नाव काढलं असतं तर माझ्या सासूने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं."

मग दुकानदाराकडे वळले. "पट्ट्या डब्यात असायच्या. डबा अर्धा झाला की मुकादम नव्या पट्ट्या वरूनच ओतायचा. आम्ही वरच्या उचलायचो. तळातल्या वर्षानुवर्षं तळातच. एकदा पट्ट्यांचा माल वेळेवर आला नाही, तेव्हा तळ खरवडला. जुना नंबर नव्या गिटारला बसला. माणसाचं वय काय टोपीवरून काढता?"

"पुरावा?"

"धडाच्या खाचेत बघा. जोडणारी बाई तिथे खूण करायची. त्र्याऐंशीत माना बसवायला आम्ही दोघीच. माझ्या दोन रेघा. समोरचीचा गोल, आत टिंब. तिसरं काही निघालं तर खुशाल नकली म्हणा."

त्याने बॅटरी मारली. बराच वेळ वाकून राहिला.

"गोल आहे. आत टिंब."

"तुझी असती तर किती छान झालं असतं," नात म्हणाली.

"माझी असती तर स्क्रूची भोकं अशी तिरकी नसती."

दुकानदार हसला. त्याने अस्सल असल्याच्या दाखल्याचा कागद काढला. कारखाना लिहिला, साल त्र्याऐंशी लिहिलं. नातीने गिटारचं धड लेकराला पोटाशी घ्यावं तसं जवळ ओढलं.

"बनवणाऱ्याचं नाव सहसा कळत नाही," तो म्हणाला. "आज कळलंय तर लिहूच. कोण होती ती?"

"चिमणी. आवाज बारीक होता म्हणून."

"पूर्ण नाव?"

ती आणि मी अकरा वर्षं समोरासमोर बसलो. तिच्या पोराचा गोवर मला ठाऊक, नवऱ्याचा हात केव्हा उठायचा तेही ठाऊक. मशीनमध्ये बोटं गेली त्या दिवसानंतर ती आली नाही. मुकादमाने दुसरी बसवली. पण तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकलीच नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं.

"आजी?"

"चिमणीच लिहा," मी म्हटलं. "आणि नीट लिहा. गिचमिड नको."

त्याने लिहिलं. शाई वाळेपर्यंत मी तो कागद कुणाला उचलू दिला नाही.