ड्रायव्हरच्या उजवीकडचा

दार पास झालं तर मच्छिंद्र खेतमाळीसला डिझाइनच्या साहेबाची खुर्ची मिळणार होती, सावेडीला क्वार्टर मिळणार होतं, आणि सासऱ्यासमोर मांडी घालून बसायची हिंमतही आपोआप येणार होती.

साल बाहत्तर. नगरजवळच्या त्या कारखान्यात जीपगाड्यांना पत्र्याची दारं बसवत. ट्रकने बाजूने धडक दिली तर आतल्या माणसाचं काय होईल, हे मच्छिंद्रने गाडी न फोडताच काढलं. डोकं, छाती, कंबर ही तीन वजनं, मधे स्प्रिंगा. सगळं भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून मुंबईच्या कॉम्प्युटरला खाऊ घातलं. उत्तर आलं: ताशी वीस मैलांची धडक, ड्रायव्हरच्या दोन बरगड्या मोडतील, जीव वाचेल.

तो कागद घेऊन मच्छिंद्र शेवगावला मालकांकडे, आप्पासाहेबांकडे निघाला. भाड्याने माणसं नेणारी जीप लालमहंमदची, दार कारखान्याचंच. लालमहंमदने साहेबाला आपल्या डावीकडे बसवलं आणि उजवीकडे, दाराला चिकटवून, पुंजाराम नावाच्या शेवगावच्या उतारूला कोंबलं. त्या रस्त्याला सगळेच असं करत. ड्रायव्हर अर्धा सरकून गाडी हाकायचा.

"अरे, ड्रायव्हरच्या पलीकडे माणूस?"

"साहेब, तुमच्या मशीनने दाराशी किती शिटा धरल्या?" लालमहंमदने विचारलं.

"एकच. ड्रायव्हर."

"मंग ते मशीन कंदी शेवगावला आलंच न्हाई," पुंजाराम म्हणाला. "आना त्याला, बसू द्या माज्या मांडीवर!"

मागची माणसं खिदळली. मच्छिंद्रही हसला. नियमात नसलेला माणूस कार्डावर कशाला?

अमरापूरच्या अलीकडे, फाट्यावर, उजवीकडून उसाचा ट्रक आला.

दार आत आलं. फाटलेला पत्रा कुऱ्हाडीसारखा पुंजारामच्या बगलेत घुसला. त्याच्या बरगड्या वाळक्या तुराट्यांसारख्या कडाकडा मोडल्या, तो लालमहंमदवर चेपला गेला आणि त्याच्या तोंडातलं गरम रक्त मच्छिंद्रच्या मांडीवर पडलं. काचा, किंकाळ्या, रेडिएटरची वाफ. पुंजाराम श्वास ओढत होता. आत काही जात नव्हतं, बाहेर नुसते लाल बुडबुडे येत होते.

"पत्रा काडा," एवढंच तो म्हणाला.

लोकांनी पहार घालून दार उपसलं. दाराबरोबर त्याचा जीवही बाहेर आला.

दवाखान्यात लालमहंमदच्या मोडलेल्या बरगड्या मोजल्या. दोन.

आप्पासाहेब खूश. "अरे लेका, तुझं गणित तंतोतंत आलं की! आण तो कागद."

"मालक, दोनच मोडल्या, कारण मधे पुंजाराम होता."

"तो तुझ्या गणितात होता का? मग झालं तर!"

"नव्हता, तीच माझी चूक. आता घालतो."

मच्छिंद्रने दाराशी दुसरं वजन धरून कार्डं पुन्हा मुंबईला पाठवली. उत्तर एका ओळीचं: दाराजवळचा वाचत नाही. त्याने दार नापास केलं. आप्पासाहेबांनी त्याला घरी पाठवलं, जुन्या कागदावर दुसऱ्याची सही घेतली आणि दारं विकायला काढली.

लालमहंमदने दोन बरगड्या भरल्या, मच्छिंद्रने नोकरी. बाकी सगळं पुंजारामने भरलं. आप्पासाहेबांच्या नावावर काहीच निघालं नाही.