दीड सेंटिमीटर

बेरिलियमचा पत्रा कनिष्ठ संशोधक ओरितोने गणनेच्या फाइलमध्ये गुपचूप दीड सेंटिमीटर पुढे सरकवला होता. जागेचा आकडा बदललेला, नोंद कुठेच नाही. शिझुए कुवाबाराच्या मनात पाल चुकचुकली.

पाचपर्यंत गटाच्या शोधनिबंधावर तिची सही हवी होती. मागे एकदा सहकाऱ्याच्या शब्दावर सही केली, आलेखातलं शिखर खोटं निघालं, चारचौघांत तिचं नाक कापलं गेलं. तेव्हापासून बाई ताकसुद्धा फुंकून पीत.

गोष्ट तशी साधी. प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने अणुकेंद्रकं पत्र्यावर आदळतात, त्यातून नवी निघतात आणि धावता धावता गॅमा किरण टाकतात. धावत्याची हाक पुढच्याला चढी, मागच्याला उतरती ऐकू येते. म्हणून किरण कुठल्या कोनात सापडला ते पाहून ऊर्जा सुधारून घ्यायची. पत्र्याभोवतीच्या, किरण टिपणाऱ्या शोधक-यंत्रांची पुढची कडी आणि मागची कडी, दोन्ही साक्षीदारांची जबानी जुळायला हवी.

शिझुएने फाइलमध्ये पत्रा मूळ जागी ठेवून पाहिलं. शिखराला शेपूट फुटलं, जबानी फाटली.

"ओरितो-कुन! पत्रा कोणी सरकवला?"

ओरितोच्या हातातला भाताचा गोळा तसाच राहिला. "मीच, कुवाबारा-सान. तसं केलं की शिखर देखणं दिसतं."

"देखणं? स्थळाला फोटो पाठवायचाय का?"

"वाटलं, बसवतानाच पुढे गेला असेल."

"वाटलं! मोजलास?"

"तोवर काढून टाकला होता..."

"छान. साक्षीदार गेला, आता म्हणशील ते खरं!"

तिने त्याच्यादेखत गटप्रमुखांना कळवलं: ओरितोने आकडे फिरवलेत, निबंध थांबवा.

त्याचे कान लाल झाले. "निबंधातून नाव काढा माझं. पण शिखर मी बनवलेलं नाही."

चोर असंच म्हणतो, साधूही असंच म्हणतो. करावं काय? पत्रा सरकला असेल तर सगळ्यांसाठीच सरकला असणार! त्याच प्रयोगात एक जुनं, ओळखीचं, पत्र्यातच किरण टाकून मोकळं होणारं केंद्रकही निघालं होतं. तिने त्याची आलेखातली रेघ तपासली. मूळ जागी सुईसारखी. पत्रा दीड सेंटिमीटर पुढे नेला की विस्कटली.

म्हणजे पत्रा जागचा हललाच नव्हता. "सापडलास!"

"हो," ओरितो पुटपुटला, "पण मग आपलं नवं केंद्रकच तेवढं पुढे का जुळतं?"

शिझुए परत आलेखाकडे वळली. नव्या केंद्रकाची जागा तिने पुढच्या कडीला एकटीला विचारली. दीड सेंटिमीटर. मागच्या कडीला वेगळं विचारलं. तेच. विश्वास बसेना, तिसऱ्यांदा विचारलं. दोघींना पढवणारा कोणी नव्हता.

केंद्रक पत्रा ओलांडून पुढे जात होतं आणि मग किरण टाकत होतं. कोणी गृहीत धरलं नव्हतं इतका वेळ ते तग धरत होतं.

"मग सही?" त्याने हळूच विचारलं.

"यावर नाही. नवा लिही. आणि आकडा का बदललास, तेही लिही, लाज वाटली तरी."

तिने गटप्रमुखांना फोन लावला. पलीकडून आवाज येताच, समोर कोणी नसताना, ती कमरेतून वाकली. "दुपारचा आरोप मी मागे घेते. माझी चूक झाली."